कुरणतळ्याची अकरा वळणे

आपल्यापाशी नाही ते मिळवणे याला पूर्वसूरींनी योग म्हटले आणि आहे ते जपणे याला क्षेम. दोन्ही शब्द त्यांनी एकाच समासात शेजारी बसवले. परंतु लोकव्यवहारात मान पहिल्यालाच मिळत गेला. बंधारा बांधणाऱ्याच्या नावाची शिळा बसते. त्या बंधाऱ्याच्या भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप दर पावसाळ्यानंतर उपटून टाकणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. मिळवण्याला मुहूर्त असतो, साक्षीदार असतात, हारतुरे असतात. जपणाऱ्याचा प्रत्येक दिवस मात्र कालच्यासारखाच उगवतो आणि कालच्यासारखाच मावळला तर त्याचे काम साधले असे समजायचे.

क्षेमाची आणखी एक अडचण आहे आणि ती अधिक खोल आहे. राखण्यासाठी पुढे केलेला हात आणि अडवण्यासाठी पुढे केलेला हात दिसायला सारखेच असतात. कित्येकदा तो हात ज्याचा असतो त्यालाही आपण राखतो आहोत की अडवतो आहोत हे कळेनासे होते. राखणे म्हणता म्हणता मालकी येते, मालकीमागून कुंपण येते, आणि कुंपणाबाहेर कोण उभे आहे याची चौकशी हळूहळू थांबते. या भेदाचा विचार मी ग्रंथांतून पुष्कळ केला होता. तो भेद पायांनी आखून दाखवणारा एक मनुष्य मला माझ्या सत्तरीत भेटला. त्यांचे नाव सांडू कडुबा साळवे. कुरणतळ्याच्या राखीव क्षेत्रावर ते रोजंदारीवरचे राखणदार होते.

शहरातून बीड रस्त्याने पाचोडकडे निघाले की वस्ती विरळ होत जाते, निदान तेव्हा होत असे, आणि उजव्या हाताच्या एका फाट्यावरून मैलभर आत गेले की कुरणतळे लागते. निजामाच्या अमदानीतला मातीचा जुना बांध, त्याला टेकलेले उथळ पाणी, आणि तिन्ही अंगांनी गवताळ कुरण. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर याच तळ्याचा गाळ निघाला. पुढे हिवाळी पाहुण्या पक्ष्यांमुळे तळे आणि कुरण राखीव झाले, दाराशी एक फलक आला, आणि दारापासून पाण्याकाठच्या निरीक्षण मनोऱ्यापर्यंत लोकांनी चालावे म्हणून पायवाट आली. कार्तिकात तिथे चक्रवाक उतरतात. ज्या पक्ष्याच्या विरहावर आपल्या काव्यपरंपरेने इतके अश्रू ढाळले, तो तिथे चिखलात चोच खुपसून निवांतपणे चरताना दिसतो.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात मी तिथे प्रथम गेलो तो माझे स्नेही दत्तोपंत यांच्याबरोबर. दत्तोपंतांनी आयुष्यभर महाविद्यालयात गणित शिकवले होते आणि वक्र गोष्टींविषयी त्यांच्या मनात एक स्वाभाविक अढी होती. दारातून मनोरा समोर दिसत होता, तरी पायवाट आधी डावीकडे वळत होती, मग उजवीकडे, मग जवळजवळ माघारी फिरून पुन्हा पुढे जात होती. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड हातभर अंतरावर मांडलेले. वाटेच्या तोंडाशी खाकी सदऱ्यातला एक काटकुळा गृहस्थ उकिडवा बसून त्या दगडांना कुंच्याने चुना देत होता.

"काय हो," दत्तोपंतांनी विचारले, "ही वाट आखणारा शुद्धीत होता ना?"

"व्हय साहेब," तो मान वर न करता म्हणाला. "शुद्धीत व्हता म्हनून तर वाकडी हाय."

"अहो, सरळ रेषेत चारशे पावलांत मनोरा येईल!"

"यील की. मंग तुमी चारशे पावलांत माघारी बी जाल."

दत्तोपंतांनी पावलांचा हिशेब तिथेच सोडून दिला. असा प्रसंग मी त्यांच्या सहवासात फार थोड्या वेळा पाहिला आहे. कुंचा बादलीत ठेवून तो गृहस्थ आमच्यापुढे चालू लागला. तेच सांडूभाऊ. प्रत्येक वळणावर ते क्षणभर थांबत, जणू कोणाला आधी जाऊ देत आहेत, आणि मग पुढे जात. तिसऱ्या वळणावर मात्र ते अधिक वेळ थांबले. वळणाच्या पोटात मोकळी जमीन होती. खडे, वाळलेले गवत, दुसरे काही नाही.

"हितं एक व्हतं," ते म्हणाले. "हे माझ्या हातून गेलं."

काय गेले, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही. पुढे मी अनेक हिवाळे तिथे जात राहिलो, आणि ती हकीकत मला तुकड्या-तुकड्यांनी समजली. थोडी त्यांच्याकडून, बरीचशी मनकर्णाबाईंकडून, आणि उरलेली वनरक्षक राजेंद्र यांच्याकडून. ती मी येथे एकत्र मांडतो.

दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या वर्षीच्या चैत्रात कुरणतळे आटून मध्यभागी ताटाएवढे उरले. भोवती भेगाळलेला गाळ, आणि बांधाच्या वरच्या अंगाला, जिथून जुना नाला तळ्यात शिरत असे, तिथे मनोऱ्याच्या पायथ्याशी वाळूचा एक पट्टा. पाणी मागे सरले की टिटव्या आणि शेकाट्या त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर आणि काठच्या मोकळ्या कुरणावर घरटी करतात. घरटे कसले, बोटभर खोल खळगा आणि भोवती चार खडे; अंडी अशी मातकट की पायाखाली येईपर्यंत ती आहेत हे कळत नाही.

राखीव क्षेत्राच्या दाराच्या अंगाला तळवाडी ही पन्नास-साठ उंबऱ्यांची वस्ती, बहुतेक बौद्ध कुटुंबांची. सांडूभाऊंचे घर तिथलेच. वस्तीवर टँकर चौथ्या दिवशी येई, कधी सहाव्या. त्यामुळे बाया घागरी घेऊन तळ्याच्या पोटातून पाण्यापर्यंत चालत येऊ लागल्या. त्यांच्या पायांखाली पहिल्या आठवड्यातच तीन घरटी मोडली. त्याच सुमारास शहराच्या कडेने उठणाऱ्या इमारतींसाठी कोणाचे तरी टँकर पहाटेच पाणी उपसून नेताना आढळले. वरून हुकूम आला: राखीव क्षेत्र बंद, पाण्याकडे कोणीही जायचे नाही, सभोवार काटेरी कुंपण घालावे. हुकूम अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. तळे राखायचे असेल तर कोणीही शहाणा अधिकारी तोच देता.

सांडूभाऊंनी दोन दिवस खपून बाभळीचे काटे तोडले आणि तळवाडीच्या बाजूने कुंपण रचले. तिसऱ्या दिवशी उजाडता बाया आल्या आणि कुंपणाशी थबकल्या. सर्वांत पुढे मनकर्णाबाई होत्या. वय सत्तरीचे, पाठीचा कणा ताठ, आणि जीभ त्याहून ताठ. सांडूभाऊंच्या आईच्या त्या मैत्रीण. म्हणून सांडूभाऊ त्यांना मावशी म्हणत.

"काटे कोनी लावले रं?" त्यांनी विचारले.

"म्या लावले, मावशी. वरून हुकूम हाय."

मनकर्णाबाईंनी घागर खाली ठेवली. "सांडू, बहात्तरच्या कामावर ह्याच बांधावर रांजन व्हता. ठाव हाय ना? तुझी माय वंजळ धरून बसली व्हती. वरून वतनारा बाबा मधीच उठून गेला आन् ती तशीच बसून ऱ्हायली. वंजळ तशीच. तवा कुनी तरी काटेच लावले व्हते, लेका. फकस्त दिसत नव्हते."

  बाया रिकाम्या घागरी घेऊन परत फिरल्या.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. बहात्तरच्या दुष्काळात सांडूभाऊ चौदा वर्षांचे होते. आईबरोबर ते या तळ्यावर गाळाच्या पाट्या वाहत. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळे आणि प्यायला रांजणातले पाणी. पण त्यांच्या वस्तीच्या माणसांना रांजणाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी तरी वरून ओतायचे आणि खाली ओंजळ धरायची. मनकर्णाबाईंनी सांगितलेला दिवस सांडूभाऊंनी स्वतः पाहिला होता. आई उठली, पदराला हात पुसले, जणू पाणी पिऊन झाले आहे, आणि पाटी उचलली. तिने त्या माणसाला शिवी दिली नाही. वाटेत मुलाला एवढेच म्हणाली, "पानी देता आलं तं द्यावं. नाय देता आलं तं बाजूला व्हावं. आडवं हू नये."

आता चाळीस वर्षांनी त्याच बांधावर तो मुलगा आडवा उभा होता. कुंपण काढावे तर अंडी तुडवली जाणार. ठेवावे तर आईचे वाक्य तुडवले जाणार. त्यांच्या पुढे उभा राहिलेला प्रश्न हा होता.

दुपारी राजेंद्र मोटारसायकलवरून आले. वैजापूरकडचे हे तिशीतले वनरक्षक. असे चार पाणवठे त्यांच्या एकट्याच्या अंगावर होते. सांडूभाऊ त्यांना म्हणाले, "साहेब, पान्याकडं कोनी जानार नाय. नाल्याच्या वाळूत म्या झिरा खांदतो. वाळूत खड्डा केला की पानी पाझरून येतं, वाटी-वाटीनं भरायचं. चांगलं निवळ ऱ्हातं. तळ्यातलं एक घोट कमी व्हायचं नाय असं म्हनत नाय म्या, पन पाखराला कळायचं नाय."

"आणि वाळूपर्यंत बाया जाणार कुठून? सरळ वाटेवर सगळी घरटीच आहेत."

"घरटी म्या हुडकतो. वाट म्या दावतो. सकाळचे दोन तास."

राजेंद्रांनी टोपी काढून घाम पुसला. "काका, माझी मान यात अडकते. एक जरी घरटं माणसामुळं गेलं, तर कुंपण परत, आणि तुमचं काम बंद. मग मला काही म्हणायचं नाही."

"नाय म्हननार," सांडूभाऊ म्हणाले.

तीन दिवस ते बांधावर बसून राहिले. टिटवी घरट्यापासून दूर जाऊन ओरडते; जिथे ती आकांत करते तिथे घरटे कधीच नसते. शोधायचे तर ती गप्प होऊन कुठे परतते ते पाहावे लागते. याला डोळ्यांपेक्षा बैठक लागते. तीन दिवसांत त्यांनी नाल्याकडच्या बाजूची अकरा घरटी हेरली. झिरा खणून ठेवला, कुंपणाचे काटे बाजूला केले. आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली.

बायांचा पाय पडू नये म्हणून त्यांनी प्रत्येक घरट्याजवळ एकेक दगड ठेवला आणि दगडाला चुना लावला. भल्या बुद्धीने केलेले काम होते. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पांढरे दगड टाळून वाळूपर्यंत गेल्या, वाटीने घागरी भरून घेतल्या. सर्व सुरळीत झाले. परतताना मनकर्णाबाई तिसऱ्या दगडापाशी रेंगाळल्या.

"टिटवीचं का रं?"

"व्हय."

"किती हायत?"

आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. जितकी अंडी तितके महिने पाऊस. अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली असली तर पाऊस भरघोस. दुष्काळात हा प्रश्न कुतूहलाचा राहत नाही. विचारणाऱ्या मावशी, सांगणारे सांडूभाऊ, आणि मागे थांबलेल्या वीस घागरी, सर्वांचे प्राण त्या उत्तरात गोळा झाले होते.

"चार," सांडूभाऊ म्हणाले. त्यांनाही हसू आवरले नाही. "आन् चारी टोकं आत."

टिटवी बहुधा चारच अंडी घालते, आणि त्यांची टोके सुकाळात-दुष्काळात आतच असतात. परंतु हे सांडूभाऊंना त्या क्षणी आठवले नाही. आठवले असते तरी वर्षभर आभाळाकडे पाहिलेल्या माणसांना ते सांगवले असते की नाही, कोण जाणे.

त्या दिवशी पाचोडचा बाजार होता. वार्ता तळवाडीतून बाजाराच्या वाटेवर गेली आणि वाटेवरची माणसे तळ्याकडे वळली. ज्याच्यापाशी जायचे तो पांढरा दगड लांबूनच दिसत होता. कोणी अंड्यांना हात लावला नाही. कोणी दगडाच्या आत पाऊलही टाकले नाही. माणसे येत, वाकून पाहत, "चार हायत, चार," असे पुटपुटत, कोणी हात जोडत, आणि दुसऱ्यांना जागा देत. हे दुपारपर्यंत चालले. सांडूभाऊ तेव्हा तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होते. टँकरवाल्यांनी पाणी ओढून घेण्यासाठी तिकडे खणलेली चर पुन्हा उकरली होती, ती बुजवण्यात त्यांची सकाळ गेली.

वैशाखाच्या उन्हात टिटवी अंडी उबवीत नाही, ती त्यांना थंड राखते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. माणसे उभी होती तोवर ती येऊ शकली नाही. सांडूभाऊ परतले तेव्हा गर्दी पांगली होती आणि टिटवी घरट्यावर बसली होती, पोट भिजवून. ती संध्याकाळपर्यंत तशीच जा-ये करीत राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. सांडूभाऊंनी एक अंडे उचलून कानाशी धरले, आणि परत होते तसे ठेवले, टोक आत.

घरटे मोडले नव्हते. चारही अंडी जागेवर होती. ती निर्जीव आहेत हे त्या परिसरात एकाच माणसाला ठाऊक होते. त्याने गप्प बसायचे ठरवले असते तर कुंपणही आले नसते आणि कामही गेले नसते.

राजेंद्र आठवड्याच्या फेरीला आले तेव्हा बाया झिऱ्यावरून परतत होत्या. सांडूभाऊ मोटारसायकलजवळ जाऊन म्हणाले, "साहेब, एक घरटं गेलं."

"कोल्हा?"

"नाय. मानसानं. उन्हात वरून उभी ऱ्हायली, टिटवीला येऊ दिलं नाय. धोंडे म्या ठिवले, अंडी म्या सांगितली."

राजेंद्रांनी आजूबाजूला पाहिले. "काका, मी वहीत कोल्हा लिहितो. तो काही वाचायला येणार नाही."

"नका लिहू, साहेब. त्यो आलाच नव्हता."

"मग शब्द ठरलाय आपला. उद्यापासून कुंपण. आणि तुमचं काम—"

"काम घ्या," सांडूभाऊ म्हणाले. "कुंपन नका लावू. चूक माझी, दंड मला. बायांनी काय केलं? म्या दावलं म्हनून त्यांनी बघितलं."

मनकर्णाबाई घागर डोक्यावर तशीच ठेवून पुढे आल्या. "ओ साहेब, बघाया पयली म्या गेले. इचारलं बी म्या. दंड करायचा तं मला करा. माझा सदरा नाय काढायला, पन चार शिव्या देता येत्याल, त्या द्या."

राजेंद्र हसले नाहीत. पुढे अनेक वर्षांनी हा प्रसंग मला सांगतानाही ते हसले नाहीत. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, माणूस कुंपण मागेल आणि काम राखेल. कोणीही तेच केलं असतं. मी तयारी त्याचीच केली होती." त्यांनी वहीत लिहिले: घरटे एक नष्ट, कारण मानवी वर्दळ, राखणदारास कामावरून कमी केले, वस्तीचे पाणी भरणे नव्या वाटेने चालू ठेवण्याची जबाबदारी माझी. खाली सही केली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "सदरा इथं काढून ठेवा, काका."

सांडूभाऊंनी खाकी सदरा काढला, घडी केली, मोटारसायकलच्या बैठकीवर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता काय खातो लेका, टिटवीचा पाऊस?" आणि त्या संध्याकाळपासून पाऊस पडेपर्यंत साळव्यांच्या घरी भाकरी वस्तीतल्या कुठल्या ना कुठल्या चुलीवरून येत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सांडूभाऊंनी घरट्यांजवळचे सर्व दगड उचलले. कुरणातून आणखी वेचून आणले. ते सगळे त्यांनी बायांच्या नव्या पायवाटेच्या दोन्ही कडांना मांडले आणि चुना दिला. वाट प्रत्येक घरट्याला पंधरा-वीस पावलांचा वळसा घालून जात होती, आणि घरटे कुठे आहे याची कोणतीही खूण जमिनीवर उरली नव्हती. या बदलाचे मर्म मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "धोंडा घरट्यापाशी ठिवला तं नजर तिकडं जाती. नजरंमागं पाय जातो. धोंडा पायापाशी ठिवला तं पाय जाग्यावं ऱ्हातो." मी विचारात पडलो. आपण ज्याला पवित्र मानतो त्याच्यावर खुणा करीत आलो, कळस चढवीत आलो, आणि मग तिथे लोटलेल्या गर्दीने ते घुसमटले म्हणून शोक करीत आलो. स्वतःच्या पावलांना मर्यादा घालावी हे या मनुष्याला चार अंडी गमावून समजले, आणि आम्हांला पुष्कळ गमावूनही समजलेले नाही.

त्यानंतर अडतीस दिवस बाया त्या वाटेने चालल्या. एकामागे एक, न बोलता, अर्ध्या तासात आत आणि अर्ध्या तासात बाहेर. पुढे मनकर्णाबाई. कोणी सुनेने मान वळवून पाहिले की त्या मागे न बघता म्हणत, "कोन बघतंय गं ते इकडं-तिकडं? मान मोडंल भवाने! सरळ बघ." मग क्षणभर थांबून, "नाय गं, वाकडं बघ. वाट वाकडी हाय." त्यावर दबलेले हसू ओळीच्या शेवटपर्यंत जाई. सांडूभाऊ झिऱ्यात उतरून वाटीने पाणी भरून देत. ओंजळ कोणाला धरावी लागली नाही. प्रत्येकीची घागर ते स्वतः उचलून तिच्या कमरेवर देत.

अकरांपैकी एक आधीच गेले होते. दोन मुंगसाने नेली, एक भटक्या कुत्र्याने. उरलेल्या सातांतून पिल्ले निघाली आणि चिखलावर पळू लागली. पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. तळवाडीत अजूनही तो टिटवीच्या चार अंड्यांचा पाऊस समजतात. सांडूभाऊंनी त्यांना कधी खोडून काढले नाही.

कार्तिकात तळे भरल्यावर क्षेत्र पुन्हा उघडायचे ठरले, तेव्हा राजेंद्र तोच सदरा घेऊन त्यांच्या दारी गेले. सांडूभाऊंनी एकच अट घातली: मनोऱ्याकडची जुनी सरळ वाट बंद करून लोकांना बायांच्या या वाकड्या वाटेने न्यावे. घरटी आता नव्हती, तरीही. आणि तिसरे वळण, ज्याच्या पोटातले घरटे फुकट गेले, तेही काढू नये.

"मेलेल्याला कशाला वळसा, काका?" राजेंद्रांनी विचारले होते.

"मेलेल्याला बी वळसा," ते म्हणाले होते. 

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात तळे पूर्ण कोरडे पडले. झिऱ्यालाही पाणी लागले नाही. त्या महिन्यांत मी एकदा गेलो तेव्हा ते निर्जल तळ्याकाठी बसून दगडांना चुना देत होते. पक्षी नव्हते, माणसे नव्हती. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "वाट दिसाया पायजे. येनाराला."

शहर तोवर फाट्यापर्यंत आले होते. आता ते दारापर्यंत आले आहे. कुरणाला लागून इमारतींची रांग आहे, आणि त्यांच्या फलकांवर 'तलावदर्शनी' घरांचे दर आहेत. त्या वसाहतींतली माणसे सकाळी फिरायला येतात. त्यांच्या सोयीसाठी वाट सरळ आणि फरशीची करावी असा एक प्रस्ताव दोन हजार एकोणिसात निघाला. आखणीला आलेल्या अभियंत्याला सांडूभाऊंनी अकराही वळणांवरून चालवत नेले. अभियंता सज्जन होता, म्हणाला, "बाबा, सगळं पटलं, पण आता तर इथे एकही घरटं नाही." सांडूभाऊ म्हणाले, "सरळ वाटंवर मानूस पळतो, साहेब. वळनावर त्याला हळू व्हावं लागतं. हळू झाला का त्याला दिसतं." राजेंद्र आता वरच्या पदावर आहेत, त्यांनी त्या प्रस्तावावर काय शेरा मारला ते मला माहीत नाही. फरशी आली नाही.

सांडूभाऊ दोन हजार बावीसच्या भाद्रपदात गेले. यकृताचा विकार होता. महिनाभर अंथरुणावर होते. शेवटच्या आठवड्यात मी भेटलो तेव्हा सून रूपा त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तिला म्हणाले, "त्यांला बी दे." वस्तीवरच्या बुद्धविहारासमोर त्रिशरण झाले तेव्हा मनकर्णाबाई खुर्चीवर बसून होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. त्या रडल्या नाहीत. सर्वांची पांगापांग झाल्यावर मला म्हणाल्या, "मायचं ऐकलं पोरानं. आडवं नाय झालं."

दत्तोपंतांचे गुडघे आता चालू देत नाहीत. मी मात्र गेल्या मार्गशीर्षात पुन्हा गेलो. दाराशी तिकिटाची खिडकी झाली आहे, आणि आत सांडूभाऊंची रोजंदारी रूपाला मिळाली आहे. ती सकाळी बादलीत चुना कालवते आणि पहिल्या दगडापासून सुरू करते.

कुरणतळ्याच्या पायवाटेला अकरा वळणे आहेत. त्यांच्या पोटात आता घरटी नाहीत. दगडांना चुना लावलेला आहे, आणि माणसे तिथे वळून चालतात.